टेहळणी विमानाचा रेझिन कन्व्हर्जन सेट कसा बसवावा

टेहळणीची विमानं क्वचितच कोऱ्या कागदावर आखली गेली. आधीपासून उडत असलेल्या लढाऊ किंवा बॉम्बफेकी विमानातून तोफा काढल्या, त्या जागी कॅमेरे बसवले, जमेल तिथे इंधनाच्या टाक्या वाढवल्या आणि नवी आवृत्ती तयार झाली. प्लास्टिकच्या छोट्या मॉडेलचे सुटे भाग, म्हणजे किट, काढणाऱ्या कंपन्याही बहुधा लढाऊ आवृत्तीच आधी काढतात. फोटो आवृत्ती करायची असेल, तर त्याच किटचं नाक, पोट किंवा पंखाचा काही भाग बदलणारा रेझिनचा (साच्यात ओतून घट्ट होणाऱ्या द्रवाचा) कन्व्हर्जन सेट घ्यावा लागतो.

सेटमधले भाग अनेकदा किटपेक्षाही रेखीव असतात. काम बिघडतं ते रेझिन आणि प्लास्टिक जिथे भेटतात त्या सांध्यावर. त्यात टेहळणी विमानं बऱ्याचदा एकरंगी असतात. स्पिटफायर पीआर (फोटो टेहळणी) मार्क ११ नाकापासून शेपटीपर्यंत पीआरयू ब्लू या निळ्या रंगाचं. उघड्या धातूतलं एफ-५ लाइटनिंग (पी-३८ ची फोटो आवृत्ती) तर चांदीसारखं चकचकीत. कॅमोफ्लाजच्या पट्ट्यांत सांधा लपवण्याची सोय इथे नाही. म्हणून या लेखात सर्वांत जास्त जागा कापण्याला आणि जोडण्याला दिली आहे.

पहिला सेट कोणता घ्यावा

सेटची अवघडता विमानावर ठरत नाही, किती कापायचं आहे यावर ठरते. सर्वांत सोपे म्हणजे टांगायचे पॉड, विमानाखाली लावायच्या लांबट पेट्या. एफ-१४चा टार्प्स हा कॅमेऱ्यांचा पॉड सुमारे १७ फूट लांब. म्हणजे १/४८ मापात जवळपास ११० मिलिमीटर आणि १/७२ मध्ये ७३ मिलिमीटर. तो पोटाखालच्या बोगद्यात मागच्या उजव्या जागेवर बसतो. विमान कापावं लागत नाही, रेझिन धुणं, घासणं, रंगवणं सगळं शिकून होतं, आणि चुकलं तरी किट शाबूत राहतं. मात्र पॉड लावला की काम झालं, असं प्रत्येक विमानाचं नसतं. मिग-२१आर ला पोटाखालच्या पॉडबरोबर पंखांच्या टोकांना छोटे लांबट फुगवटे आहेत, पाठीचा उंचवटा मोठा आहे आणि पंखांखाली दोनऐवजी चार पायलॉन (शस्त्रं किंवा टाक्या टांगायचे खांब) आहेत. साध्या मिग-२१ला नुसता पॉड टांगला, तर जाणकाराच्या नजरेत ते लगेच खटकतं.

दुसरी पायरी पृष्ठभागावरच्या बदलांची. स्पिटफायर एफआर (लढाऊ टेहळणी) मार्क ९ मध्ये तोफा तशाच आहेत, फक्त धडाच्या बाजूला तिरप्या कॅमेऱ्याची खिडकी आली आहे. तिथे एक भोक आणि एक काच एवढंच काम.

तिसऱ्या पायरीवर अख्खं नाक बदलतं. आरएफ-४ फँटम आणि एफ-५ लाइटनिंग या गटातले. नवख्याने एखादा पॉड करून मग इथे यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

चौथी पायरी धडात तुकडा घालण्याची किंवा पंखच बदलण्याची. कॅनबेरा पीआर ३ चं धड बी २ या बॉम्बफेकी आवृत्तीपेक्षा १४ इंच लांब आहे. १४ इंच म्हणजे ३५५.६ मिलिमीटर. ७२ ने भागले तर ४.९ आणि ४८ ने भागले तर ७.४ मिलिमीटर. एवढ्याशा चकतीला दोन सांधे येतात, आणि दोन्ही गुण्यात (काटकोनात) नसले तर धड केळ्यासारखं वाकतं. आरएफ-८४एफ मध्ये हवेची तोंडं नाकातून काढून पंखांच्या मुळाशी नेली आहेत. असे सेट पहिल्या वर्षी घेऊ नयेत.

विकत घेण्याआधी तपासायच्या गोष्टी

सेटच्या पाकिटावर तो कोणत्या कंपनीच्या किटसाठी आहे ते लिहिलेलं असतं. ती सूचना काटेकोर पाळा. एकाच मापाच्या दोन किटांत धडाची रुंदी अर्धा ते एक मिलिमीटर वेगळी असू शकते, आणि नाकाच्या सांध्यावर एवढा फरक घासून जात नाही. एकच कंपनी जुना आणि नवा असे दोन वेगवेगळे साचे एकाच नावाने विकते, तेव्हा घोटाळा आणखी वाढतो. साचा कोणत्या साली निघाला ते पाहून घ्या.

मूळ किट योग्य आवृत्तीचं हवं. मॉस्किटोची पीआर विमानं बॉम्बफेकी मॉस्किटोवरून आली: पुढे काचेचं नाक आणि इंग्रजी व्ही आकाराची विंडस्क्रीन. एफबी मार्क ६ या लढाऊ किटची विंडस्क्रीन सपाट आणि नाक बंद, त्यामुळे ते इथे चालत नाही. पीआर मार्क १६ करायचं तर दोन टप्प्यांच्या सुपरचार्जरची मर्लिन इंजिनं लागतात, म्हणजे इंजिनांची आवरणंही वेगळी.

सेटमध्ये काय नाही, याची यादी स्वतः करा. स्पिटफायर पीआर ११ साठी निदान एवढ्या गोष्टी लागतात: बाहेरून चिलखती काच नसलेली एकसंध गोल विंडस्क्रीन, तेलाची मोठी टाकी मावणारं नाकाखालचं खोल आवरण, आत घेता येणारं शेपटीचं चाक, तोफा नसलेले पंख, आणि धडाच्या पोटाला उभ्या कॅमेऱ्यांच्या दोन गोल खिडक्या. पंखांच्या पुढच्या कडेत टाक्या आल्यामुळे तोफांची तोंडं, वरचे फुगवटे आणि खालची काडतुसं पडण्याची छिद्रं सगळं बुजवून सपाट करावं लागतं. काही सेट नाक आणि विंडस्क्रीन देऊन थांबतात, पंखांचं काम आपल्यावर सोडतात.

शेवटचं म्हणजे ज्या एका विमानाचं मॉडेल करायचं, त्याचे फोटो. आरएफ-४ च्या नाकाखालचा कॅमेऱ्यांचा भाग काही विमानांवर कोनदार आहे, काहींवर गोलसर. एकाच स्क्वाड्रनमध्ये दोन्ही दिसू शकतात. शेपटीवरचा क्रमांक आणि नाकाचा आकार एकाच फोटोत दिसेल, तेव्हाच डिकल (चिकटवायची चिन्हं आणि क्रमांक) ठरवा.

सेट आवडला तर घेऊन ठेवा. रेझिन सिलिकॉनच्या साच्यात ओततात, आणि असा साचा काही डझन नगांनंतर फाटतो, कडा खातो. छोटे उत्पादक नवा साचा करतीलच, याचा भरवसा नसतो. घरी आल्यावर पाकीट उघडून सगळे भाग मोजा, उजेडासमोर धरून हवेचे बुडबुडे पाहा. तक्रार करायची ती याच वेळी.

धुणं, सुटं करणं, सरळ करणं

साच्यातून सुटावं म्हणून लावलेल्या द्रवाचा तेलकट थर रेझिनवर राहतो. कोमट पाण्यात भांडी घासायच्या द्रवाचे काही थेंब टाका, भाग दहा मिनिटं भिजवा, जुन्या टूथब्रशने घासा, स्वच्छ पाण्याने धुऊन वाळवा. ही पायरी वगळली, तर रंग महिनाभराने मास्किंग टेपबरोबर सालीसारखा निघतो.

ओतताना राहिलेला ठोकळा बारीक दातांच्या रेझर करवतीने कापा. भागाच्या अगदी कडेला करवत लावू नका, अर्धा मिलिमीटर ठोकळ्याच्या बाजूला राहा आणि उरलेलं पॉलिश पेपरवर घासून काढा. ठोकळा नेमका कुठे संपतो आणि भाग कुठे सुरू होतो, हे नाकाच्या तुकड्यांवर चटकन कळत नाही. सेटच्या कागदावरचं चित्र आणि किटचा मूळ भाग शेजारी ठेवून पेन्सिलीने रेघ मारा, मग कापा. इथे एक मिलिमीटर जास्त गेला तर विमान तेवढं आखूड होतं.

रेझिनची धूळ फुप्फुसाला वाईट आहे, यात तडजोड करू नका. एन-९५ किंवा त्या दर्जाचा मास्क लावा, घासताना पेपर आणि भाग दोन्ही ओले ठेवा, टेबल ओल्या फडक्याने पुसा. फुंकर मारून धूळ उडवणं ही सर्वांत वाईट सवय.

वाकलेला भाग साठ ते सत्तर अंश सेल्सियसच्या पाण्यात अर्धा-एक मिनिट ठेवा, मऊ झाला की काचेच्या तुकड्यावर सरळ धरा आणि तसाच गार पाण्यात बुडवा. जाड, भरीव भागांवर याचा परिणाम होत नाही. पातळ भाग उन्हाळ्यात पुन्हा वाकू शकतात, म्हणून त्यांना आतून पितळी तारेचा आधार द्या. रेझिनचे चाकांचे पाय सेटमध्ये असले तरी आम्ही ते वापरायला सांगणार नाही. वजनाखाली ते हळूहळू वाकतात. किटचे प्लास्टिकचे किंवा धातूचे पाय बरे.

कापायची रेघ

रेघ नाकाच्या टोकापासून मोजू नका. टोक किटमध्ये आणि सेटमध्ये वेगळं असतं, मोजमापाला आधार राहत नाही. सेटच्या सूचनांत सांगितलेली पॅनेलची रेघ (पत्र्यांच्या जोडाची खाच) धरा, आणि ती पंखाच्या पुढच्या कडेपासून किती अंतरावर आहे ते कॅलिपरने दोन्ही बाजूंना पडताळा.

धडाचे दोन अर्धे आधी चिकटवायचे की आधी कापायचे, हा प्रश्न हमखास येतो. आधी चिकटवले तर काप एकसलग येतो, पण कॉकपिट आत बसलेलं असतं आणि करवतीच्या हादऱ्याने सुटू शकतं. सुटे अर्धे कापले तर घासणं सोपं, पण दोन्ही काप नेमके जुळत नाहीत. आमची पद्धत अशी: दोन्ही अर्धे टेपने कोरडेच घट्ट बांधायचे, रेघ सबंध घेराभोवती एकदाच मारायची, मग सुटे करून प्रत्येक अर्धा रेघेच्या अर्धा ते एक मिलिमीटर बाहेर कापायचा. आत कॉकपिट बसवून अर्धे चिकटवायचे, आणि उरलेलं प्लास्टिक एकत्रच घासून रेघेपर्यंत आणायचं.

घेराभोवती रेघ मारायला बहुतेक जण जाड चिकटपट्टी गुंडाळतात. सरळ नळकांड्यावर ते ठीक आहे. नाक मात्र निमुळतं असतं, आणि निमुळत्या आकारावर सरळ पट्टी तिरकी सरकते. सुरुवातीच्या जागी ती परत येतच नाही. त्याऐवजी धड सपाट काचेवर उभं करा, शेपटी खाली आणि नाक वर, आणि मातीच्या गोळ्याने पक्कं धरा. ते ओळंब्यात आहे का, हे गुण्या लावून समोरून आणि बाजूने पाहा. मग एका ठोकळ्यावर पेन्सिल आडवी बांधून तो ठोकळा काचेवरून धडाभोवती फिरवा. रेघ सगळीकडे सारख्या उंचीवर येते. या कामाला वीस मिनिटं लागतात आणि नंतरचे दोन दिवस वाचतात.

करवत एका जागी दाबून आरपार नेऊ नका. रेघेवर आधी सुईने उथळ खाच पाडा, मग धड थोडं थोडं फिरवत चहूबाजूंनी करवत चालवा. घासताना २४० नंबरचा पॉलिश पेपर काचेवर चिकटवा, धड उभं धरून गोल फिरवा, आणि दर दहा-बारा फेऱ्यांनी हातातली पकड बदला. एकाच पकडीत घासलं की बोटांचा दाब जिथे जास्त, ती बाजू खाली जाते.

सांधा

गोंद लावण्याआधी नाक कोरडंच धडाला टेकवा आणि चार गोष्टी बघा: रुंदी, उंची, वरची रेषा, आणि सांध्यातून आरपार दिसणारा उजेड. रेझिन भरीव आणि ठिसूळ, प्लास्टिक पोकळ आणि लवचिक. म्हणून जुळवून घ्यायचं ते प्लास्टिकने. नाक १८.४ मिलिमीटर रुंद आणि धड १८.० असेल, तर धडाच्या आत कापाजवळ प्लास्टिकची आडवी पट्टी घाला, आतल्या रुंदीपेक्षा ०.४ मिलिमीटर लांब. धड तेवढं फुगतं. धडच रुंद असेल, तर अर्धे चिकटवण्याआधी त्यांच्या जुळणाऱ्या कडा त्या भागात थोड्या घासा. कोरडी जुळणी म्हणूनच सर्वांत आधी करायची असते. अर्धे चिकटल्यावर हा मार्ग बंद होतो.

सगळं तंतोतंत जुळेल अशी अपेक्षा धरू नका. वरची रेषा आणि दोन्ही बाजू जुळवा, उरलेला फरक पोटाखाली जाऊ द्या. पोटाखाली कॅमेऱ्याच्या खिडक्या असतील तर मात्र तो फरक खिडकीच्या चौकटीवर येणार नाही, एवढं बघा.

नुसत्या कडेला कडा चिकटवलेला सांधा हातातून पडला की सुटतो. धडाच्या तोंडाशी आतून १ मिलिमीटर जाड प्लास्टिकचा आडवा पडदा बसवा. रेझिनच्या मागच्या तोंडावर दोन भोकं पाडा, १ मिलिमीटर व्यासाची आणि ५ ते ६ मिलिमीटर खोल. त्यांत १ मिलिमीटर जाडीची पितळी तार १० मिलिमीटर लांबीची घाला. तारेच्या टोकांना रंगाचा ठिपका लावून नाक धडावर टेकवलं की पडद्यावर भोकांच्या जागा उमटतात. ती भोकं १.३ मिलिमीटरची पाडा, म्हणजे नाक हलवून जुळवायला जागा राहते.

प्लास्टिक चिकटवायचा नेहमीचा द्रव रेझिनवर काहीच करत नाही. तो पॉलिस्टायरिन विरघळवून जोडतो, पॉलियुरेथेन रेझिन त्याने विरघळत नाही. इथे सुपरग्लू किंवा दोन भागांचं इपॉक्सी लागतं. नाकासाठी पाच मिनिटांचं इपॉक्सी घ्या, कारण सुपरग्लू एकदा धरला की दुरुस्तीची संधी देत नाही. त्या पाच मिनिटांत दोन तपासण्या करा. समोरून पाहताना शेपटीचा उभा पंख नाकाच्या मध्यावर उभा दिसला पाहिजे. वरून, नाकाच्या टोकापासून शेपटीपर्यंत ताणलेला दोरा कॅनोपीच्या (कॉकपिटवरच्या काचेच्या झाकणाच्या) मधोमध गेला पाहिजे. इपॉक्सी घट्ट झालं की सांध्याच्या फटीत पातळ सुपरग्लू सोडा.

फट भरायलाही सुपरग्लूच चांगला, त्यात थोडी टाल्कम पावडर कालवून. द्रावकावर वाळणारी साधी पुट्टी प्लास्टिकला धरते पण रेझिनच्या बाजूला कडेवरून सुटते, आणि तिच्यातून पॅनेलची रेघ कोरायला गेलं की भुगा होतो. सुपरग्लू अर्ध्या-एक तासात घासून घ्या. रात्रभर ठेवला तर तो भोवतालच्या प्लास्टिकपेक्षा कडक होतो, मग पेपर मऊ प्लास्टिक खातो आणि मधे गोंदाचा उंचवटा उरतो. घासायला बोट नको, सपाट पट्टीवर चिकटवलेला पेपर हवा: ४००, मग ६००, मग १०००. राखाडी प्रायमर मारला की उरलेले दोष दिसतात. दोन-तीन फेऱ्या लागतात, त्यात गैर काही नाही. पॅनेलच्या रेघा सगळ्यात शेवटी कोरा.

घासताना रेझिनच्या आतले बुडबुडे उघडे पडतात. टाचणीने त्यांचं तोंड थोडं मोठं करा, सुपरग्लूचा थेंब सोडा, घासा. तोंड लहान ठेवून वरून रंग मारला तर आतली हवा नंतर रंगाला खळगा पाडते.

खिडक्या आणि कॅमेरे

टेहळणी विमानाचा जीव या खिडक्यांत आहे. इथे दोन चुका फार दिसतात. पहिली जाडीची. प्लास्टिकची भिंत १ मिलिमीटर जाड म्हणजे १/७२ मापात ७२ मिलिमीटर जाड पत्रा. खिडकीभोवतीची भिंत आतून घासून ०.३ ते ०.४ मिलिमीटरवर आणा. दुसरी चूक फुगीर काचेची. चांगला फोटो यावा म्हणून खऱ्या कॅमेऱ्याची काच सपाट असते, भोवतालचा पत्रा गोलाकार असला तरी. पांढऱ्या गोंदाचा पडदा ताणून केलेली खिडकी दोन-अडीच मिलिमीटरपर्यंतच चालते. त्याहून मोठ्या खिडकीला ०.२५ मिलिमीटर जाडीची पारदर्शक शीट कापून बसवा.

कॅमेऱ्याची खोली आतून मॅट काळी रंगवा, लेन्ससाठी नळीच्या तुकड्यात पारदर्शक गोंदाचा थेंब घाला, आणि हे सगळं नाक बंद करण्याआधी करा. काचेजवळ सुपरग्लू नको. त्याची वाफ काच धुरकट करते, आणि बंद नाकाच्या आतून ती पुसता येत नाही. पांढरा गोंद किंवा इपॉक्सी वापरा. सेटमधली कॅनोपी पातळ शीट ओढून केलेली असेल, तर आतून माती भरून तिला आधार द्या, नवं पातं घ्या आणि एकाच जागी दाबण्याऐवजी हलक्या हाताने सात-आठ वेळा ओढा. पहिल्या कापाला भेग गेली की ती कॅनोपी संपली. बऱ्याच सेटमध्ये दुसरी दिलेली असते, ती जपून ठेवा.

वजन

पुढे चाक असलेली विमानं शेपटीवर बसतात, म्हणून नाकात वजन भरतो. भरीव रेझिन नाक स्वतःच जड असतं, पण काचेच्या खिडक्यांचं पोकळ नाक आलं की वजनाची नेहमीची जागा जाते. एफ-५ लाइटनिंगमध्ये ते दोन्ही इंजिनांच्या पुढच्या टोकांत, प्रोपेलरच्या मागे भरा. किती लागेल हे अंदाजाने ठरवू नका. सगळे मोठे भाग टेपने जोडा, मुख्य चाकांच्या रेषेखाली पेन्सिल ठेवा, नाक खाली झुकेपर्यंत वजन वाढवा, आणि वर आणखी थोडं घाला, कारण शेपटीकडच्या भागांना अजून रंग लागायचा आहे.

रंग

रेझिनवर थेट पाण्याचा ॲक्रिलिक रंग टिकत नाही, लॅकर प्रायमरचा पातळ थर आधी हवाच. उघड्या धातूचं विमान असेल तर प्रायमरवर चकचकीत काळा थर द्या आणि २००० नंबरच्या ओल्या पेपरने सांधा पुन्हा तपासा. चांदीच्या रंगाखाली केसाएवढा ओरखडाही दिसतो. खिडक्यांवर गोल कापलेले मास्किंग टेपचे तुकडे लावा आणि शेवटचा मॅट थर वाळल्यावरच काढा, कारण मॅट वार्निशचा शिंतोडा काचेवरून निघत नाही.